मुक्त पतनातील शरीरस्थिती

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगनगरी आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या 'केऑनिक्स' ह्या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने ती वसविली. शहरातून तेथे पोहोचण्यासाठी २०१० साली सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग खुला झाला. ह्या मार्गावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या उघड्या खिडकीशी तळहात आडवा धरला, तर हवा त्याच्या वरून व खालून सरकून जाते. तळहाताची पुढची कड किंचित वर केली की हात आपोआप वर उचलला जातो; ती खाली केली की हात खाली दाबला जातो. हवा ही रिकामी जागा नसून एक पदार्थ आहे, आणि वेग पुरेसा असला की त्या पदार्थावर हातापायांनी जोर देता येतो, एवढी गोष्ट ह्या साध्या अनुभवावरून कळून येते.

विमानातून उडी घेऊन, हवाई छत्री (पॅराशूट) उघडण्यापूर्वी काही काळ तसेच खाली येत राहणाऱ्या मनुष्याचे सारे कौशल्य ह्या एकाच गोष्टीवर आधारलेले आहे. त्याच्याजवळ पंख नसतात, सुकाणू नसते, इंजिन नसते. असते ते केवळ स्वतःचे शरीर आणि खालून वर येणारा हवेचा झोत. ह्या झोतात शरीर कसे ठेवावे, ते डळमळू का लागते आणि पुन्हा स्थिर कसे करावे, ह्याचे विवेचन येथे केले आहे. नव्याने शिकणाऱ्या उडीपटूस हा विषय केवळ डौलाचा नाही. छत्री नीट उघडणे वा न उघडणे बऱ्याच अंशी त्या क्षणी शरीर कोणत्या स्थितीत आहे ह्यावर अवलंबून असते.

पडणाऱ्याचा वेग

निर्वात जागेत सर्व वस्तू सारख्याच त्वरेने खाली येतात. हवेत मात्र तसे घडत नाही. वेग वाढू लागला की हवेचा रोधही वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर रोध चौपट होतो. अखेर एक क्षण असा येतो की हवेचा वरच्या दिशेने लागणारा रोध आणि शरीराचे वजन ही दोन्ही समान होतात. त्यानंतर वेग वाढत नाही. ह्या स्थिर वेगास अंत्य वेग असे म्हणतात.

पोट जमिनीकडे करून, हातपाय पसरून पडणाऱ्या प्रौढ मनुष्याचा अंत्य वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर इतका असतो. उडी घेतल्यापासून दहा ते बारा सेकंदांत, सुमारे ४५० मीटर खाली आल्यावर, तो वेग जवळजवळ गाठला जातो. डोके खाली करून शरीर सरळ ठेवले तर झोतासमोर येणारे क्षेत्र कमी होते आणि वेग ताशी २४० किलोमीटरच्याही पुढे जातो. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल : पडण्याचा वेग हा काही अंशी पडणाऱ्याच्या हाती असतो.

उन्नत मार्गावरील मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर मुक्त पतनाचा वेग त्याच्या अडीच पट होतो. साहजिकच हवेचा जोर सहा पटींहून अधिक असतो. आकड्यांत सांगावयाचे तर त्या वेगास एका उघड्या तळहातावर सुमारे दोन किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. दोन्ही बाहू, दोन्ही नडग्या आणि मांड्या ह्यांचे क्षेत्र तळहाताच्या कितीतरी पट आहे. म्हणून एखादा हात वीतभर खाली गेला किंवा एक गुडघा किंचित आत आला, तरी त्याचा परिणाम संपूर्ण शरीरावर तत्काळ दिसून येतो. शिकाऊ उडीपटूस प्रारंभी वाटते की आपण काहीच केले नाही, तरीही आपण फिरू लागलो. वस्तुतः त्याने काहीतरी केलेले असते; ते त्याच्या ध्यानात आलेले नसते, इतकेच.

द्रोणाचा प्रयोग

स्थिर पडण्याचे रहस्य समजण्यासाठी पंगतीत वापरतात तो कागदाचा एक हलका द्रोण घ्यावा. उंच स्टुलावर उभे राहून तो तळ खाली व तोंड वर असा सोडावा. तो फारसा न डुलता तसाच खाली येईल. आता तोच द्रोण उपडा करून सोडावा. वाटेतच तो उलटेल आणि तळ खाली करून जमिनीवर येईल. नंतर एक सपाट कागद आडवा सोडून पाहावा. तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे घसरत जाईल आणि कोठे पडेल ह्याचा नेम राहणार नाही.

ह्याचे कारण असे. तळ खाली असलेला द्रोण उजवीकडे कलला, तर त्याची उजवी भिंत पूर्वीपेक्षा अधिक आडवी होते व झोतास अधिक रुंदी देते. डावी भिंत अधिक उभी होऊन झोतास कमी अडवते. साहजिकच उजव्या बाजूस वर रेटणारा जोर वाढतो आणि द्रोण पुन्हा सरळ होतो. कलण्याची चूक स्वतःच तिची दुरुस्ती घडवून आणते. उपड्या द्रोणाच्या बाबतीत नेमके उलट घडते : थोडेसे कलणे अधिक कलण्यास कारण होते. उघडलेली हवाई छत्री उपड्या द्रोणासारखी दिसते हे खरे. परंतु तिच्याखाली दोरांच्या टोकाशी मनुष्याचे वजन लोंबत असल्याने ती उलटत नाही.

हेच तत्त्व बॅडमिंटनच्या फुलातही दिसते. हा खेळ एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इतका रुजला होता की काही काळ त्यास 'पूना' ह्याच नावाने ओळखले जाई. त्याचे फूल कसेही टोलवले तरी जड बूच पुढे आणि पिसे मागे अशाच स्थितीत येते. जड भाग झोताच्या समोर आणि हलका, पसरट भाग मागे, ही स्थिर गतीची मुख्य अट आहे.

मनुष्याच्या शरीरात सर्वांत जड भाग धडाचा असून गुरुत्वमध्य कमरेच्या आसपास असतो. तेव्हा कंबर पुढे ढकलून सर्वांत खाली ठेवली, आणि डोके, खांदे, हात व पाय हे तिच्या मानाने वर राहू दिले, तर शरीराचा द्रोण होतो. ह्या आकारास उडीपटूंच्या भाषेत कमान म्हणतात. मुक्त पतनातील सर्व शिक्षणाचा पाया हीच कमान होय.

हे ज्ञान कसे झाले

हे आज सोपे वाटत असले तरी ते सहजासहजी हाती आलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळांची अशी समजूत होती की उंचावरून पडणारा मनुष्य वाटेतच बेशुद्ध होतो, म्हणून त्याच्या हाती छत्री उघडण्याचे काम सोपविता येणार नाही. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील लेस्ली अर्विन ह्यांनी विमानातून उडी घेतली आणि काही अंतर खाली आल्यावर स्वतःच्या हाताने छत्री उघडली. ती समजूत त्या दिवशी खोटी ठरली. तरीही मुक्तपणे पडणारे शरीर गिरक्या घेते, कोलांट्या खाते, ही अडचण उरलीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सचे लेओ वालांतँ ह्यांनी छाती पुढे, पाठ आत आणि हातपाय पसरलेले अशा स्थितीचा पद्धतशीर अभ्यास केला व स्थिर पतन शिकविता येते हे दाखवून दिले.

हवा विरळ असेल तर कमानीचेही बळ कसे कमी पडते, ह्याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९५९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे जोसेफ किटिंजर ह्यांनी सुमारे २३ किलोमीटर उंचीवरील फुग्यातून उडी घेतली. त्यांना स्थिर ठेवण्यासाठी योजलेली छोटी छत्री अवेळी सुटली, तिची दोरी त्यांच्या मानेभोवती गुंतली आणि मिनिटाला सुमारे १२० गिरक्या घेत ते बेशुद्ध झाले. आपोआप उघडणाऱ्या छत्रीने त्यांचे प्राण वाचविले. पुढे १६ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनीच ३१ किलोमीटरांहून अधिक उंचीवरून यशस्वी उडी घेतली. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून पडत असता असेच वेगाने फिरू लागले. खाली दाट हवा लागल्यावर त्यांना तोल सावरता आला. हातापायांना जोर देण्यास हवाच नसेल तर कौशल्य निरुपयोगी ठरते. सुदैवाने शिकाऊ उडीपटू ज्या तीन-चार किलोमीटर उंचीवरून उडी घेतो, तेथे हवा पुरेशी दाट असते.

भारतात हवाई छत्रीची परंपरा प्रथम सैन्यात रुजली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे उतरलेली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होय. तथापि त्या प्रकारच्या उडीत छत्रीस बांधलेली पट्टी विमानात अडकविलेली असते व ती ताणली जाताच छत्री उघडते. तेथे मुक्त पतन जवळजवळ नसते. मुक्त पतनाची विद्या ह्याहून वेगळी असून तिचा अभ्यासही वेगळा करावा लागतो.

मराठी वाचकांस ह्या क्षेत्रातील परिचित नाव पुण्याच्या शीतल महाजन ह्यांचे आहे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली आणि १५ डिसेंबर २००६ रोजी दक्षिण ध्रुवप्रदेशात ११,६०० फुटांवरून मुक्त पतनाची उडी घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी लुगडे नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली. ह्या उडीकडे कुतूहलाने पाहणारे पुष्कळ होते. परंतु शास्त्राच्या दृष्टीनेही ती विचार करण्याजोगी आहे. गोल नेसलेल्या पाचवारीत दोन्ही पाय एकाच घेरात बांधले जातात आणि गुडघे वेगळे करता येत नाहीत. नऊवारीस कासोटा असतो. प्रत्येक पाय स्वतंत्रपणे वेढलेला राहतो. म्हणून गुडघे खांद्यांइतके दूर ठेवून दोन्ही पाय झोतास सारखे देणे त्या पोषाखात शक्य होते. सैल राहणारा भाग मात्र घट्ट बांधून घ्यावा लागतो. कारण फडफडणारे वस्त्र एका बाजूचा रोध वाढविते व छत्रीच्या मुठीवरही येऊ शकते.

योग्य स्थितीची अंगे

शिक्षक ज्या स्थितीस स्वाभाविक किंवा तटस्थ स्थिती म्हणतात, तिचे वर्णन पुढीलप्रमाणे करता येईल.

कंबर : हे सर्वांत महत्त्वाचे अंग होय. कंबर पुढे, म्हणजेच जमिनीच्या दिशेने, ढकललेली असावी. नितंबांचे स्नायू किंचित आवळल्याने हे साधते. पाठीच्या मणक्यांवर जोर देऊन वाकणे हे त्याचे अनुकरण होय; त्याने कमान तर होत नाहीच, उलट पाठ दुखते.

डोके : हनुवटी वर आणि दृष्टी क्षितिजाकडे असावी. मान खाली गेली की पाठ गोल होते आणि कंबर वर उचलली जाते. जमीन पाहण्याचा मोह नवशिक्यास हटकून होतो, आणि त्यातूनच पुष्कळशी अस्थिरता उद्भवते.

हात : दंड धडाशी काटकोनात, कोपर काटकोनात वाकलेले, तळहात डोक्याच्या पातळीस, बोटे सैल. दोन्ही हात एकाच उंचीवर असणे हे त्यांच्या नेमक्या कोनापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

पाय : गुडघे साधारण खांद्यांइतके दूर, पोटऱ्या सुमारे ४५ अंश वर वळलेल्या, पावलांची बोटे ताणलेली. नडग्यांवर हवेचा दाब जाणवला पाहिजे. हात डोळ्यांसमोर असल्याने त्यांचे भान राहते; पाय मात्र दिसत नाहीत आणि विसरले जातात. नवशिक्याचे निम्मे दोष पायांचे असतात असे म्हटले तरी चालेल.

शैथिल्य : वरील सर्व अंगे बरोबर असूनही शरीर लाकडासारखे ताठ असेल, तर ते थरथरते व डुलते. झोतातील बारीकसारीक फरक सैल सांधे पचवितात. ताठ सांधे ते सर्व शरीरास पोहोचवितात. दीर्घ श्वास सोडणे हा ह्यावरील सोपा उपाय होय. श्वास रोखून धरणाऱ्याचे खांदे कधीही सैल होत नाहीत.

उडीचे पहिले दहा सेकंद

विमानातून बाहेर पडताच उडीपटू सरळ खाली जात नाही. विमानाचा पुढे जाण्याचा वेग त्याच्या अंगी असतो, म्हणून प्रारंभी वारा खालून न येता समोरून येतो. पडण्याचा वेग वाढत जातो तसतशी झोताची दिशा वळत जाऊन सुमारे दहा सेकंदांनी तो खालून येऊ लागतो. कमान ही नेहमी झोताच्या संदर्भात धरावयाची असते. दार सोडताना जो पोट जमिनीकडे करण्याची घाई करतो, तो झोतास डोक्याचा माथा देतो आणि उलटतो. जो छाती व कंबर विमानाच्या पुढच्या दिशेस, म्हणजे वाऱ्यासमोर, देतो त्यास झोतच हळूहळू आडवा करतो.

नेहमीचे दोष व त्यांची कारणे

डुलणे : शरीर होडीप्रमाणे पुढेमागे हलत असेल, तर कंबर वाकलेली आहे व कमान नाहीशी झाली आहे असे समजावे. हात हलवून तोल सावरण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. कंबर पुढे ढकलली की डुलणे थांबते.

मागे सरकणे : टाचा नितंबांकडे ओढलेल्या असतील, तर पायांवरचा रोध कमी होतो, ते खाली जातात, डोक्याकडची बाजू उचलली जाते आणि हवा छातीवरून पुढे निसटून शरीर मागे ढकलते. पाय थोडे सरळ करून नडग्यांवर दाब घेतला की हे नाहीसे होते. ह्याच तत्त्वाने पुढेही सरकता येते : पाय सरळ केले व हात जवळ घेतले की शरीर पुढे जाते.

आपोआप वळणे : डावा हात खाली व उजवा वर असेल तर शरीर डावीकडे वळते, उलट केल्यास उजवीकडे. ही जाणूनबुजून केलेली क्रिया असेल तर तिला वळण म्हणतात, नकळत झाली तर दोष. पाय विषम असले तरीही असेच घडते. म्हणून नकळत वळणाऱ्याने प्रथम कमान, नंतर पाय आणि शेवटी हात असा क्रम तपासावा. पुष्कळजण ह्याच्या उलट करतात : पायांनी निर्माण झालेले वळण ते हातांनी थोपवू पाहतात. त्यामुळे दोष तसाच राहून त्यात दुसऱ्याची भर पडते.

पाठीवर उलटणे : हे घडल्यास घाबरून हातपाय झाडू नयेत. जोरदार कमान धरली की द्रोणाचा नियम आपले काम करतो व शरीर पुन्हा पोटावर येते.

पडण्याच्या वेगातही ह्याच रीतीने फरक करता येतो. कमान अधिक केली की वेग वाढतो. शरीर सपाट केले की कमी होतो. दोन उडीपटूंनी एकाच पातळीवर यावयाचे तर हे आवश्यक असते, कारण जड व हलक्या व्यक्तींचे अंत्य वेग भिन्न असतात. तथापि ही पुढची पायरी होय. स्वस्थ, तटस्थ स्थिती अंगवळणी पडण्यापूर्वी ह्या खटपटीत पडू नये.

छत्री उघडण्याचा क्षण

सुमारे ४,००० मीटरांवरून उडी घेऊन १,६०० मीटरांवर छत्री उघडावयाची असेल, तर मधले २,४०० मीटर पाऊण मिनिटात संपतात. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उन्नत मार्गाचा तो केवळ चौथा हिस्सा. छत्री उघडलीच नाही, तर उरलेल्या १,६०० मीटरांस अर्धे मिनिटही लागणार नाही. ह्या हिशेबात उडीपटूच्या स्थितीचे खरे महत्त्व दडलेले आहे.

उजवा हात कमरेमागील मुठीकडे गेला की त्या बाजूचा रोध एकदम कमी होतो. केवळ तेवढेच केले तर शरीर त्या बाजूस कलेल. म्हणून त्याच वेळी डावा हात डोक्याच्या पुढे आणावयाचा असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचा समतोल टिकतो. कमान कायम असावी व खांदे समपातळीत असावेत. खांदे कललेले किंवा शरीर फिरत असताना छत्री उघडली, तर दोरांना पीळ बसतात. उलटेपालटे होत असताना उघडली, तर छोटी छत्री किंवा दोर हातापायांत गुंतण्याचा धोका असतो.

परंतु ह्याहूनही वरचा एक नियम आहे. स्थिरतेच्या शोधात उंची गमावू नये. तोल गेल्यास तो परत मिळविण्यासाठी सुमारे पाच सेकंदांचा अवधी द्यावा. तेवढ्यात साधले नाही तर छत्री उघडावी, असे शिकाऊ उडीपटूंस सांगितले जाते. पाच सेकंदांत पावणेतीनशे मीटर निघून जातात हे लक्षात घेतले म्हणजे ह्या नियमाचा अर्थ कळतो. ठरलेली उंची आली की स्थिती चांगली असो वा वाईट, छत्री उघडलीच पाहिजे. डळमळत उघडलेली छत्री स्थिरपणे न उघडलेल्या छत्रीहून केव्हाही श्रेयस्कर.

उंचीचे भान

मनगटावर बांधलेला तुंगतामापक हवेच्या दाबावरून उंची दाखवितो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथे दर नऊ-दहा मीटर वर गेल्यास दाब सुमारे एक मिलिबारने घटतो. उडीपटूस समुद्रसपाटीपासूनची उंची नको असते, पायाखालच्या जमिनीपासूनची हवी असते. म्हणून उड्डाणापूर्वी उतरण्याच्या मैदानावर यंत्राचा काटा शून्यावर आणावा लागतो. ही गोष्ट राहून गेली तर बंगळूरसारख्या पठारावर चूक थोडीथोडकी नव्हे, तर जवळजवळ एक किलोमीटरची होईल. शरीरामागे हवेचे भोवरे असतात आणि तेथील दाब भोवतालच्या हवेहून भिन्न असतो. म्हणून पाठीवर पडत असता मनगटावरील यंत्राच्या वाचनावर फार विसंबू नये.

ह्याच दाबमापनाला गणन करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची जोड मिळाली, तेव्हा आपोआप छत्री उघडणारी विश्वासार्ह साधने निर्माण झाली. १९९१ साली जर्मनीतून आलेले 'सायप्रेस' हे त्यांपैकी एक. सुमारे २२५ मीटर उंचीवर उडीपटू अजूनही वेगाने पडत आहे असे आढळल्यास ते राखीव छत्री मोकळी करते. त्या वेळी जमीन केवळ चार सेकंदांवर आलेली असते. अशा साधनाने अनेकांचे प्राण वाचविले आहेत; परंतु तो शेवटचा आधार होय. कौशल्याऐवजी त्याचा वापर करता येत नाही.

जमिनीवरील अभ्यास

एका उडीत मुक्त पतनाचे पन्नास-साठ सेकंदच मिळतात. दहा उड्या घेणाऱ्याच्या पदरी जेमतेम दहा मिनिटांचा अनुभव जमा होतो. म्हणून अभ्यासाचा मोठा भाग जमिनीवरच करावा लागतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत वातविवरे, म्हणजे हवेचे बोगदे, आहेत. त्यांत विमानाची प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून हवा वाहवितात. कारण वस्तू हवेतून गेली काय किंवा हवा वस्तूवरून गेली काय, परिणाम एकच. हेच विवर उभे करून खालून झोत सोडला तर मनुष्य त्यात जागच्या जागी तरंगू शकतो. भारतीय सैन्याने असे उभे वातविवर हिमाचल प्रदेशातील बकलोह येथे २०२४ साली सुरू केले. अशा विवरातील दहा मिनिटे ही दहा उड्यांइतकी असतात, शिवाय शिक्षक शेजारी उभा राहून पाय हाताने सरळ करू शकतो.

ज्यास विवर उपलब्ध नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. घरी जमिनीवर पालथे पडून छाती व मांड्या किंचित उचलाव्यात, गुडघे वाकवावेत, हात ठरलेल्या कोनात ठेवावेत आणि संथपणे श्वास घेत अर्धा मिनिट राहावे. आरशासमोर किंवा दुसऱ्याच्या देखरेखीखाली केल्यास दोन्ही बाजूंतील विषमता दिसून येते. शलभासन व धनुरासन करणाऱ्यांस ही स्थिती परिचित वाटेल.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुण मंडळींस, आणि त्यांत मराठी तरुणही पुष्कळ आहेत, ह्या बाबतीत एक विशेष अडचण येते. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत बसून कमरेच्या पुढील बाजूचे स्नायू आखडतात, खांदे पुढे झुकतात व मान यंत्राच्या पडद्याकडे वाकते. ही स्थिती म्हणजे कमानीच्या नेमकी उलट होय. असा मनुष्य झोतात गेला की शरीर आपल्या रोजच्या सवयीकडे धाव घेते : कंबर वाकते, पाठ गोल होते, आणि द्रोण उपडा होतो. म्हणून रोज थोडा वेळ कमरेच्या पुढील स्नायूंना ताण देणे आणि सूर्यनमस्कार घालणे हा ह्या विद्येचा भागच मानावा. पाठीचे दुखणे असणाऱ्याने मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून हे करू नये.

अभ्यासात एका वेळी एकच गोष्ट सुधारण्यास घ्यावी. एका उडीत केवळ पायांकडे, दुसऱ्या उडीत केवळ श्वासाकडे लक्ष द्यावे. शक्य असल्यास उडीचे चित्रीकरण शिक्षकासह पाहावे. कारण आपले शरीर कसे आहे असे वाटणे आणि ते खरोखर कसे असणे ह्यांत नवशिक्याच्या बाबतीत बरेच अंतर असते.

पाण्यात पडलेला मनुष्य धडपडतो तितका बुडतो, आणि अंग सैल सोडले की तरंगतो, हे पोहणाऱ्यास ठाऊक असते. हवेचेही तसेच आहे. झोताशी झगडणारा उलटतो. त्याच्यावर विसंबून कंबर खाली सोडणारा स्थिर राहतो. ही स्थिरता एकदा अंगी बाणली की उडीपटूचे लक्ष स्वतःच्या हातापायांतून मोकळे होते. मग ते उंचीकडे, सोबत्यांकडे आणि योग्य वेळी मुठीकडे देता येते. शरीरस्थिती सुधारावयाची ती ह्याचसाठी.